चौदा पूर्णांक दोनचा माणूस

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (डाव्या हाताच्या चार बोटांना चिकटपट्ट्या आहेत, त्यामुळे हात नीट जुळत नाहीत. नमस्कार जरा वाकडा पोचला तर सांभाळून घे.) तुझी तब्येत कशी आहे? भाऊजींचा खोकला अजून पहाटे साडेपाचला सगळ्या मजल्याला उठवतो का? तुझे गुडघे काय म्हणतात? आपल्या घराण्यात दुसरं काही वाटून घेण्यासारखं नव्हतं, गुडघे मात्र सगळ्यांना सारखे मिळाले. माझेही दुखायचे, पण गेलं वर्षभर रोज दोन गोळ्या घेतो आणि ते गप्प आहेत. बाकी माझी प्रकृती उत्तम आहे.

फोन न करता पत्र का लिहितोय, याचं तुला नवल वाटेल. एक कारण असं की फोनवर तू माझं बोलणं ऐकत नाहीस, आवाज ऐकतेस, आणि मी ‘हॅलो’ म्हणायच्या आत ‘काय झालं?’ म्हणून विचारतेस. दुसरं कारण तुला ठाऊक आहे. दीड महिन्यापूर्वी तू आमच्याकडे आलीस आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी, दारातच, म्हणालीस की मी पांढराफटक दिसतोय. मी म्हणालो, ट्यूबलाइट नवीन आहे. तू म्हणालीस, मग तुझी बायको का नाही दिसत पांढरी? यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर सुचलं नाही की मी काय करतो ते तू मी चार वर्षांचा असल्यापासून बघते आहेस. मी म्हणालो, रक्त तपासण्यात माझी बत्तीस वर्षं गेली, तू काय तपासनीस आहेस का? चार दिवस राहायला आलेली तू दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने गेलीस. तेव्हापासून तुझा फोन नाही आणि माझाही नाही. या पत्रात त्याचा खुलासा आहे, पण तो त्याच्या जागी येईल. आमच्या कामात आधी पद्धत लिहायची, मग निरीक्षणं आणि मग निष्कर्ष. तेव्हा निष्कर्ष बघायला शेवटचं पान उलटू नकोस. (उलटलंस ना? परत ये.)

तर झालं असं. अडीच महिन्यांपूर्वी वरून आमच्या प्रयोगशाळेत एक खोकं आलं. आत तीन यंत्रं, तीन वेगळ्या कंपन्यांची, प्रत्येक यंत्र खिशात मावेल एवढं. बोटाला टोचायचं, रक्ताचा एक थेंब प्लास्टिकच्या चपट्या पट्टीवर घ्यायचा, पट्टी यंत्रात सरकवायची, आणि मिनिटभरात हिमोग्लोबिन किती ते आकड्यात दिसतं. जिथे वीज कधी असते कधी नसते, फ्रिज नाही, डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो, अशा लांबलांबच्या आरोग्य केंद्रांसाठी यातलं एखादं घ्यायचं की नाही, हे एका समितीला ठरवायचं होतं. तिन्हींची दहा आठवडे कसून परीक्षा घ्या आणि अहवाल द्या, असा हुकूम साहेबांनी माझ्या टेबलावर ठेवला. अहवालात मी जे लिहीन तेच होणार, असंही म्हणाले. (असं ते गेल्या वर्षी खुर्च्यांच्या बाबतीतही म्हणाले होते. खुर्च्या अजून आलेल्या नाहीत. पण या वेळी ते खरं होतं.)

तिन्हींना आम्ही नावं ठेवली. पहिलं गुळगुळीत, पांढरं आणि हातातून निसटणारं, त्याचं नाव साबण. दुसरं सुरू करताना, बंद करताना, पट्टी घातली तरी, नाही घातली तरी, प्रत्येक गोष्टीला आवाज करायचं, ते किरकिऱ्या. तिसरं मिनिट पूर्ण झाल्याशिवाय जिवंत आहे की मेलंय याचा पत्ता लागू द्यायचं नाही, म्हणून तो मौनी.

आता यंत्र बरोबर सांगतंय की चूक, हे ठरवायला काहीतरी पक्कं हवं. वजनाचा काटा तपासायला जसं माप लागतं, तसं. साधारणपणे आम्ही तोच थेंब आमच्या मोठ्या यंत्रात घालून ताडून बघतो. पण मोठं यंत्र अंगठ्याएवढ्या एका भागासाठी चार महिने बंद पडलेलं होतं, आणि तो भाग कुठल्यातरी जहाजावरून जगाची सफर करत होता. दुसरा उपाय म्हणजे, किती आकडा यायला हवा ते वर छापलेलं द्रावण बाटलीत मिळतं. ते बर्फात ठेवून पाठवायचं असतं. आमच्याकडे पोचलं तेव्हा ते आंघोळीच्या पाण्याइतकं गरम होतं. फेकून दिलं. राहिलं काय? मग मला आठवलं की वर्षानुवर्षं दर वाढदिवसाला मी मोठ्या यंत्रावर स्वतःचं रक्त तपासत आलोय (कोणी भेटवस्तू देत नाही तेव्हा माणूस असं काहीतरी करतो) आणि दर वेळी आकडा एकच: चौदा पूर्णांक दोन. कधी तरी चौदा पूर्णांक एक. मधली दोन वर्षं तपासणी राहून गेली होती, पण एवढी वर्षं जे हललं नाही ते दोन वर्षांत काय हलणार? मी नोंदवही उघडली आणि पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरात लिहिलं: ‘प्रमाण: मी स्वतः. १४.२.’ आमच्याकडे असल्या गोष्टीला हरकत घ्यायचं काम ज्याचं आहे तो माणूस मीच असल्यामुळे कोणी हरकत घेतली नाही.

या नोंदवहीबद्दल एक सांगायला हवं. आमच्या नोंदवहीत खोडाखोड चालत नाही. चुकलं तर पान फाडायचं नाही, पांढरा रंग फासायचा नाही, गिरवून आठाचा नऊ करायचा नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, तीही अशी की खालचं वाचता यावं. शेजारी खरा आकडा, सही आणि तारीख. कारण काय चुकलं होतं हेसुद्धा पुढच्या माणसाला कळलं पाहिजे. या नियमावरून मी किती जणांच्या डोळ्यांत पाणी आणलंय त्याची गणती नाही. एका तंत्रज्ञाने तर वैतागून टपाल विभागात बदली मागून घेतली, आणि तिथून तो मला अजून दरवर्षी एक कोऱ्या पाकिटात आडवी रेघ मारलेला कागद पाठवतो.

पहिल्या दिवशी सकाळी साडेसातला मी बोट टोचलं. साबण बारा पूर्णांक आठ म्हणाला, किरकिऱ्या बारा पूर्णांक नऊ, मौनी मिनिटभर विचार करून बारा पूर्णांक सात. मी शेरा लिहिला: ‘तिन्ही यंत्रं दीड अंक कमी दाखवतात. नवीन आहेत, रुळतील.’

मग त्यांचे हाल सुरू केले. उन्हाळा कसा सोसतात ते बघायला भर दुपारी साहेबांच्या बंद गाडीत ती ठेवली, आणि दर दहा मिनिटांनी तापमान टिपायचं म्हणून मीही आत बसलो. तासाभराने पहारेकऱ्याने काचेवर टकटक केली आणि घरात काही भांडण झालंय का म्हणून आपुलकीने विचारलं. थंडीसाठी कर्मचाऱ्यांच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये डब्यांच्या मागे ठेवली. किरकिऱ्याला गारठा सहन झाला नाही आणि तो आतून ओरडत राहिला. टंकलेखक बाईंनी फ्रिजचं दार उघडून बघितलं, लगेच बंद केलं आणि त्या दिवसापासून डबा टेबलाच्या खणात ठेवू लागल्या. धुळीसाठी तिन्ही यंत्रं घरी नेली आणि तुझी भावजय गच्चीवर गाद्या झोडत होती तिथे मधोमध मांडली. (गादी तिने माझ्या दिशेने जास्त झोडली.) मग टेबलाच्या उंचीवरून प्रत्येक यंत्र दहा वेळा पाडायचं होतं. सातव्या वेळी साबण कपाटाखाली गेला. मी पालथा पडून, हात लांब करून तो काढला, आणि उठताना डोळ्यांपुढे अशा चांदण्या आल्या की पाच मिनिटं तिथेच फरशीवर बसून राहिलो. नोंदवहीत लिहिलं: ‘साबण पडल्यावरही चालतो. फरशी थंड आहे.’

प्रत्येक परीक्षेच्या दिवसाची सुरुवात मात्र माझ्याच बोटाने. आणि इथे भानगड सुरू झाली. तिसऱ्या आठवड्यात तिन्ही यंत्रं बारावर आली. पाचव्यात अकराच्या आसपास. सातव्यात दहा पूर्णांक चार. मी बॅटऱ्या बदलल्या. पट्ट्यांची नवी डबी फोडली. खोलीचा पंखा बंद केला, मग खिडकी बंद केली, मग रागाने दोन्ही उघडलं. आकडा खालीच. इतरांना टोचून पाहिलं, नाही असं नाही. पहारेकरी चौदा पूर्णांक आठ निघाला, टंकलेखक बाई बारा पूर्णांक एक. पण त्यांचे खरे आकडे कोणाला माहीत? ज्याचा आकडा पक्का माहीत आहे असा इमारतीत एकच माणूस होता, आणि त्याच्याशीच यंत्रं खोटं बोलत होती.

ताई, एखाद्याची बुद्धी कशी फिरते बघ. तीन वेगळ्या कंपन्या, तीन वेगळ्या बनावटी, आणि तिन्ही एकाच दिशेला, एकाच वेगाने, हातात हात घालून घसरतायत. शाळकरी पोरानेही डोकं खाजवलं असतं. मला काय वाटलं? मला वाटलं, ही एकमेकांची बघून चुकतायत. (हसू नकोस.) म्हणून मी त्यांना वेगळं केलं. मौनीला साहेबांच्या खोलीतल्या कपाटात ठेवलं, किरकिऱ्याला पहारेकऱ्याच्या चौकीत, साबणाला माझ्या डब्याच्या पिशवीत. आठवडाभर तीन ठिकाणी जाऊन बोटं टोचली. साहेबांची खोली तिसऱ्या मजल्यावर, चौकी खाली, आणि लिफ्ट दुरुस्तीला. जिन्यात मला दोनदा बसावं लागलं. जिना पूर्वीपेक्षा उभा झालाय असं मी साहेबांना म्हणालो, तेव्हा त्यांनी जिन्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. तरीही आकडे एकच: नऊ पूर्णांक सात, नऊ पूर्णांक आठ, नऊ पूर्णांक सात.

नवव्या आठवड्याच्या शेवटी मी अहवाल लिहिला. नऊ पानं. इतका सुंदर अहवाल मी आयुष्यात लिहिला नव्हता. तीन स्वतंत्र यंत्रं एकमताने बिघडण्याची ही पहिलीच नोंदलेली घटना असावी, असं एक वाक्य त्यात होतं आणि ते मी तुझ्या भावजयीला दोनदा वाचून दाखवलं होतं. निष्कर्ष: तिन्ही यंत्रे सदोष, वापरास अयोग्य. एक परीक्षा खरं तर बाकी होती, प्रत्यक्ष एखाद्या लांबच्या केंद्रात जाऊन वापरून बघण्याची. पण निकाल माहीतच आहे, मग थांबायचं कशाला, म्हणून मी अहवाल समितीकडे धाडून दिला आणि मग आपलं उपचार म्हणून मंगळवारी बसने निघालो. बत्तीस वर्षांत मी असा निष्कर्ष आधी आणि निरीक्षण नंतर कधी केला नव्हता. हे मी तुला सांगतोय, साहेबांना एवढं स्पष्ट सांगितलेलं नाही.

बसने चार तास. मागच्या सीटवर तिन्ही यंत्रं मांडीवर, किरकिऱ्या प्रत्येक खड्ड्याला दाद देतोय. केंद्र म्हणजे एक खोली, एक बाक, वजनकाटा, पाण्याचा माठ आणि नर्सबाई. वयाने तुझ्याएवढ्या, बोलायला तुझ्यापेक्षा कमी. (तसं सगळं जगच आहे.) बाकावर आणि ओट्यावर मिळून पंधरा बायका बसलेल्या, बऱ्याचशा गरोदर. त्यांच्यातल्या कोणाला रक्त फार कमी आहे म्हणून मोठ्या रुग्णालयात पाठवायचं आणि कोणाला घरी, हे नर्सबाई ठरवतात. कशावरून? खालची पापणी अंगठ्याने ओढतात, आतला रंग बघतात, नखं दाबून बघतात आणि अंदाजाने आकडा लिहितात. अंदाज बहुतेक बरोबर येतो, म्हणाल्या. मागच्या वर्षी एकदा चुकला. एवढं बोलून त्यांनी त्यांची वही मिटली.

भिंतीतल्या फळीवर एक जागा मोकळी करून स्वच्छ कापड अंथरलेलं होतं. मी विचारलं, इथे काय असतं? म्हणाल्या, यंत्र. येणार आहे म्हणून दोन वर्षांपूर्वी पत्र आलं होतं, तेव्हापासून दर सोमवारी कापड धुते.

माझ्या पिशवीत अहवालाची प्रत होती, नऊ पानी. पिशवी मी बाकाखाली सरकवली.

काम सुरू झालं. नर्सबाईंनी एक अट घातली. आधी त्या पापणी बघून आकडा सांगणार, मी तो लिहिणार, मगच यंत्र लावायचं. पहिली बाई, नर्सबाई म्हणाल्या साडेदहा, साबण म्हणाला दहा पूर्णांक सात. दुसरी, त्या म्हणाल्या बारा, मौनी म्हणाला अकरा पूर्णांक आठ. तिसरी, चौथी, सातवी, सगळीकडे तेच, उन्नीस-बीस फरक. आता ज्याला अक्कल आहे त्याला इथे थांबून विचार करावासा वाटला असता, की चार-साडेचार अंकांनी चुकणारी यंत्रं या बाईंच्या अंगठ्याशी कशी जुळतायत? मी काय लिहिलं माहीत आहे? ‘नर्सबाईही त्याच दिशेने चुकतात.’ नोंदवहीत आहे. खोडता येत नाही.

अकराव्या बाईचं नर्सबाई सात म्हणाल्या, यंत्र सहा पूर्णांक नऊ. नर्सबाईंनी लगेच चिठ्ठी लिहिली, नवऱ्याला बाहेरून बोलावलं आणि तिला दुपारच्या बसने रुग्णालयात धाडलं. यंत्राकडे बघून मला म्हणाल्या, आज पहिल्यांदा चिठ्ठीवर ‘अंदाजे’ लिहावं लागलं नाही. ताई, मला त्या क्षणी बाकाखालच्या पिशवीकडे बघवेना.

पंधरा बायका झाल्या. मी यंत्रं पुसून ठेवत होतो. नर्सबाई म्हणाल्या, “भाऊ, आता तुम्ही बसा.” मला वाटलं पाणी देणार. त्यांनी माझी पापणी ओढली. बराच वेळ बघितलं, मग दुसरी ओढली. “नऊ,” म्हणाल्या. “त्याच्या वर नाही.”

मी हसून सांगायला लागलो, की बाई, मी चौदा पूर्णांक दोनचा माणूस आहे. त्यांनी माझं बोट धरलं. चिकटपट्टी नसलेलं बोट सापडायला जरा वेळ लागला. मौनी मिनिटभर गप्प राहिला. त्या मिनिटात मला जिना आठवला, फरशीवरच्या चांदण्या आठवल्या, आणि दारात पिशवी धरून उभी असलेली तू आठवलीस. आठ पूर्णांक नऊ.

बाकावर बसलेल्या एक म्हाताऱ्या बाई (सुनेबरोबर आल्या होत्या) उठल्या आणि मला म्हणाल्या, “आडवा हो रे बाबा जरा.” मी झालो. पंधरा बायका ज्या बाकावर बसून गेल्या त्यावर बत्तीस वर्षांचा अनुभव आडवा पडला, आणि नर्सबाई एकेक विचारत गेल्या. दम लागतो का? चक्कर? कुठल्या गोळ्या? उपाशीपोटी? किती दिवस? वर्षभर म्हटल्यावर त्यांनी ‘वर्षभर’ हा शब्द असा उच्चारला की पंधरा वर्षांच्या संसारात तुझ्या भावजयीला जमलं नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयात जाऊन त्यांच्या मोठ्या यंत्रावर रक्त दिलं. नऊ पूर्णांक शून्य. म्हणजे मौनी एक दशांशाने चुकला होता, आणि एक दशांश म्हणजे चूकही नव्हे. दहा आठवडे तिन्ही यंत्रं उन्हात, गारठ्यात, धुळीत, जमिनीवर आपटूनही मला रोज सकाळी खरं सांगत होती. रोज तिघं मिळून एकच गोष्ट सांगत होती, आणि मी त्यांच्या बॅटऱ्या बदलत होतो. डॉक्टरांचं म्हणणं असं, की गुडघ्याच्या गोळ्यांनी पोटात आतून जखम झाली असावी आणि तिथून थोडं थोडं रक्त जात असावं. (त्यांनी आणखीही प्रश्न विचारले, ते पत्रात लिहिण्यासारखे नाहीत.) गोळ्या बंद केल्या, दुसऱ्या दिल्या. तेव्हा गुडघे आता गप्प नाहीत.

तिथून मी थेट साहेबांकडे गेलो आणि अहवाल परत मागितला. समितीची बैठक पाचच दिवसांवर होती. साहेब म्हणाले, नवीन लिहून द्या, जुना फाडून टाकू, कोणाला कळणार आहे? मी म्हणालो, आमच्याकडे फाडत नाहीत. नवव्या पानावर ‘तिन्ही यंत्रे सदोष’ यावर एक आडवी रेघ मारली, शेजारी लिहिलं, ‘तिन्ही यंत्रे अचूक. प्रमाण सदोष,’ आणि सही केली. नोंदवहीच्या पहिल्या पानावर ‘१४.२’ वर रेघ मारली आणि ‘९.०’ लिहिलं. तेवढी एक रेघ मारताना मला जरा वेळ लागला. साहेबांनी दोन्ही पानं वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले की तेरापासून नऊपर्यंत प्रत्येक पायरीवर तपासलेलं असं यंत्र आजवर कोणाकडे नसेल, असा नमुना शोधून सापडत नाही. बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी मला चहा मागवला. मग तो रद्द करून दूध मागवलं.

गेल्या सोमवारी समितीने साबण निवडला. (पडून फुटत नाही म्हणून. याचं श्रेय मी आणि कपाट यांनी वाटून घेतलं आहे.) पहिला साबण नर्सबाईंकडे गेला. त्यांचं दोन ओळींचं पत्र आलं: यंत्र पोचलं, कापडावर ठेवलं आहे, आणि तुमचा आकडा दर आठवड्याला कळवत जा, मी वहीत लिहिते आहे.

आता तुझा खुलासा. तू आमच्याकडे आलीस त्या दिवसाची नोंद मी काढून बघितली. सकाळचा आकडा अकरा पूर्णांक एक. ते वाचायला तिन्ही यंत्रांना सुई, पट्टी आणि एक मिनिट लागलं होतं. तू ते दारात, पिशवी हातात धरून, चष्मा न लावता वाचलंस. तू तपासनीस आहेस का, असं मी विचारलं होतं. उत्तर नोंदवहीत आहे. मी चुकलो, ताई.

भाऊजींना नमस्कार. खोकला सांभाळायला सांग. उत्तर पाठवलं नाहीस तरी राग मानणार नाही, पण पाठव.

तुझा,
धाकटा

ता. क. एक छोटंसं काम होतं. नवीन यंत्रं आणखी येणार आहेत आणि प्रमाण म्हणून माझं नाव आता कोणी घेत नाही. ज्याचं रक्त भरपूर आहे आणि कधी कमी होणार नाही असा घरातला माणूस म्हणजे तू. (लहानपणी माझ्या वाटचं दूध कोण प्यायचं, हा विषय मी काढत नाही.) तेव्हा आठ दिवस ये. रोज सकाळी फक्त एक बोट.

ता. क. २. वरचं काम खोटं आहे. मोठ्या यंत्राचा भाग आला, ते सुरू झालंय, तुझ्या बोटाची गरज नाही. खरं असं की येत्या बुधवारी सकाळी नऊ वाजता तोंडातून नळी घालून माझं पोट आतून बघणार आहेत. डॉक्टर म्हणाले, बहुतेक जखमच आहे, पण ‘आणखी काही नाही ना’ तेही बघून घेऊ, तुकडा तपासायला पाठवू. आपल्या आबांच्या आजारपणातही याच शब्दांत सुरुवात झाली होती. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो आणि रुग्णालयातल्या बंद दारासमोर बाकावर तू माझ्या शेजारी बसली होतीस, माझा हात धरून. तुझ्या भावजयीला नळीचं सांगितलेलं नाही. तिला तू सांग, तू सांगितलंस की ती घाबरत नाही. रुग्णालयाच्या कागदावर ‘सोबत येणारी व्यक्ती’ अशी एक ओळ आहे. तिथे मी ‘मोठी बहीण’ लिहून टाकलं आहे. शाईने.

ता. क. ३. पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात ‘माझी प्रकृती उत्तम आहे’ असं लिहिलंय. ते सवयीने लिहिलं. पान फाडून नवीन लिहिणार होतो, पण आमच्याकडे फाडत नाहीत. मागे जाऊन बघ, त्या ओळीवर मी एक आडवी रेघ मारली आहे, खालचं वाचता येईल अशी. शेजारी जागा कमी पडली म्हणून खरी नोंद इथे करतो: ‘भीती वाटते.’ सही आणि तारीख केली आहे.